उजव्या पोटरीवरचा डाग

माझ्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या जरा वर, रुपयाएवढा गोल काळा डाग आहे. म्हणजे मनगटावर नाहीये. भिंग घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही. पण माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर तो आहे, आणि सरकारच्या लेखी मनगटापेक्षा पान खरं. तो डाग तिथं लिहिणारा माणूस गेल्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्याबद्दल सांगायचं तर हसू आवरून सांगावं लागेल, आणि ते मला जमेल असं वाटत नाही.

आमची शाळा झरीच्या पुढे एका खेड्यात आहे. मी तिथं विज्ञान शिकवते आणि ते तिथं लिपिक होते. सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. छोटेबाबू कुणी नव्हतेच, ऑफिसात ते एकटे. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, चष्मा कायम कपाळावर, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक लिहायला आणि दुसरं, लिहिलेलं तपासताना हातात धरायला. तपासताना लिहायचं पेन हातात असलं की हात वळवळतो, असं त्यांचं म्हणणं.

आता सेवापुस्तक म्हणजे काय ते सांगते. सरकारी पगारावर लागलेल्या प्रत्येकाचं एक जाडजूड पुस्तक असतं. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, उंची, बोटांचे ठसे आणि ‘शरीरावरील ओळखीच्या खुणा’ असा एक रकाना. सगळं जग तिथं ‘गालावर तीळ’ लिहून मोकळं होतं. बडेबाबूंना तीळ चालत नसे. तीळ काय, अर्ध्या जिल्ह्याला हाय, म्हणायचे. त्यांना पाहिजे वण, टाका, भाजल्याची खूण, काहीतरी कमावलेलं. नव्या शिक्षकानं बिचाऱ्यानं मान पुढं करून तीळ दाखवला तर हे तोंड पाडून म्हणणार, दुसरं काई न्हाई का? लहानपणी पडला बिडला न्हाईत का कुठं?

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, खुणा राहत. मुख्याध्यापक म्हणजे ‘भुवईवर टाका’. गणिताचे सर म्हणजे ‘कोपरावर भाजलेलं’. एकदा गणिताच्या सरांच्या बायकोनं शाळेत फोन केला, आमचे हे आहेत का म्हणून. बडेबाबूंनी अगदी शांतपणे विचारलं, अंगावर काय खूण हाय त्यांच्या? पलीकडं एकदम सामसूम. बाई म्हणाली, कोपरावर भाजलंय. हे म्हणाले, हा, हाय हाय, इथंच हाय, या. तासाभरात ती बाई, सासू आणि दोन दीर रिक्षातून रडत शाळेच्या दारात उतरले. सर सातवीला अपूर्णांक शिकवत होते. त्या दिवशी सरांनी बडेबाबूंशी बोलणं सोडलं ते दिवाळीपर्यंत. बडेबाबूंना काही फरक पडला नाही, कोपर जागेवर होतं ना.

जून उजाडला की त्यांची खूणपाहणी असे. असा नियम कुठल्याही जीआरमध्ये नाही, त्यांनी स्वतः काढलेला. एकेकाला ऑफिसात बोलवायचं, शिंप्याची टेप लावून खूण मोजायची, आणि एका वेगळ्या रजिस्टरात नावापुढं ‘आहे’ लिहायचं. मुख्याध्यापकसुद्धा निमूट भुवई पुढं करायचे. आणि हे सगळं करताना तुम्हाला समोर बसू द्यायचे नाहीत. खुर्ची त्यांच्या शेजारी, दोघांची तोंडं एकाच दिशेला, एसटीतल्या सीटवर बसल्यासारखी. त्यांच्या आधीचे जे लिपिक होते, ज्यांना ते ‘आमचे उस्ताद’ म्हणत, ते माणसाला समोर बसवून लिहायचे. परिणाम असा की उस्तादांच्या हातच्या तीन पुस्तकांत डाव्याचं उजवं झालं होतं. ते ह्यांनी शोधून काढलं आणि रीतसर दुरुस्त करून घेतलं. ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगत. समोर बसून लिहिलं की डाव्याचं उजवं होतं, हे वाक्य आमच्या शाळेत शिपायालाही पाठ होतं.

मी रुजू झाले तेव्हा माझा नायटा नुकताच बरा झाला होता. उन्हाळ्यात घड्याळाच्या पट्ट्याखाली घाम साचून झालेला. गंगाखेडच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नायटा मेलाय, हा त्याच्या मागं राहिलेला नुसता रंग आहे, पाच-सहा महिन्यांत आपोआप जाईल. घासू नका आणि ऊन लागू देऊ नका. आईनं त्यातलं ‘जाईल’ एवढंच ऐकलं. रोज सकाळी कोरफड, रोज संध्याकाळी हळद-साय, आणि चारचौघांत पूर्ण बाह्यांचा ड्रेस. मुलगी नोकरीला लागली आणि मनगटावर हे, लोक काय म्हणतील.

तर पहिल्याच दिवशी बोटांचे ठसे घ्यायला म्हणून बडेबाबूंनी माझा हात पॅडवर धरला, बाही वर सरकली, आणि ते थांबले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. एखाद्याला शेतात हंडा सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला. टेप काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. मी म्हणाले, अहो, हा जाणारा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, कुठं जातंय, बिब्ब्यावानी काळं हाय. आणि त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, पक्क्या शाईनं लिहिलं: ‘डाव्या मनगटावर काळा गोल डाग, रुपयाएवढा.’ फुंकर मारून शाई वाळवली. मुख्याध्यापकांनी न वाचता सही ठोकली. माझी नोकरी सुरू झाली.

पोळ्याच्या सुमारास डाग उतरायला लागला.

मला काय आनंद! आईला काय आनंद! आणि बडेबाबूंचा जीव टांगणीला. दर सोमवारी प्रार्थना संपली की ते वर्गाच्या दारात हजर. मी बाही वर करायची, ते चष्मा नाकावर घ्यायचे. रंगाची एक पायरी-पायरीची यादीच त्यांनी केली होती. आधी बिब्बा. मग गूळ. मग चहा. गणपतीत ते म्हणाले, गुळावर आला. दसऱ्याला अगदी खालच्या आवाजात, मॅडम, चहा व्हायलाय. पोरांना वाटायचं मला काही दुर्धर आजार आहे. एका पोरीनं तर माझ्यासाठी घरून ताईत आणला.

मग त्यांनी हालचाल सुरू केली. मी बोलता बोलता एकदा सांगून बसले होते की ऊन लागलं तर असे डाग लवकर जात नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीची मैदानावरची ड्युटी माझी. सगळ्या शिक्षकांची आळीपाळीनं असते, माझी रोज. मुख्याध्यापकांकडं गेले तर ते म्हणाले, बडेबाबू म्हणत होते तुम्हाला उन्हाची गरज आहे, हाडांसाठी. मी छत्री आणली. बडेबाबूंनी शिपायाकरवी निरोप पाठवला की शिक्षिकेनं मैदानात छत्री धरली तर पोरांवर काय संस्कार होणार. घरी आई कोरफड चोळतेय, शाळेत हे उन्हात उभं करतायत, आणि मधे माझं मनगट. डिसेंबरात डाग चहाच्याही पुढं जाऊन गव्हावर आला. गव्हाच्या पुढं त्यांच्या यादीत काही नव्हतं, कारण मी स्वतःच गव्हाळ आहे.

स्नेहसंमेलनाला आई शाळेत आली आणि दोघांची गाठ पडली. मी लांबूनच हात जोडत होते की काही बोलू नकोस. आईनं सरळ विचारलं, तुमच्या पुस्तकासाठी माझ्या पोरीनं जन्मभर डाग सांभाळायचा का? बडेबाबू हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाले, “जन्मभर कशाला, ताई. पेन्शनीपर्यंतच.”

माझ्या पेन्शनीला तेव्हा तेहेतीस वर्षं होती. आई घरी येईपर्यंत एसटीत एकटीच हसत होती. वर म्हणते कशी, माणूस वाईट नाही गं, नुसता येडा आहे.

डाग पार गेला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माणूस येडा म्हणून काय झालं, पुस्तकात खोटं राहता कामा नये. मी ऑफिसात गेले आणि म्हणाले, बडेबाबू, नोंद दुरुस्त करा, कपाळावर तीळ आहे तो लिहा आणि विषय संपवा. त्यांनी खालचा खण उघडून प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. येलदरीच्या धरणाचं काम चाललं होतं तेव्हाचा मजुराचा पास. नाव फक्त पाळण्यातलं, तेही अर्धं. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. खाली एक ओळ.

“हे आमचे वडील,” ते म्हणाले. “फोटो न्हाई, सही न्हाई, शाळेत गेले न्हाईत. मी चार वर्षांचा होतो तवा गेले. एवढंच हाय बघा. ‘कपाळावर डावीकडं आडवा वण.’ ही वळ वाचली की बाप दिसतो मला. त्या कारकुनानं तीळ लिवला असता तर?”

ते तसंच हसत बोलले. आमच्या पणजोबांचं तर एवढंही नाही कुठं. जयंतीला आम्ही बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं राहतो तेव्हा आजी दर वर्षी म्हणते, तुझा पणजोबा दिसायला कसा होता गं, मला आठवेना झालंय. मी पास परत त्यांच्या हातात दिला आणि दुरुस्तीचं काढलं नाही. मग दर जूनला ते माझं कोरं मनगट टेपनं मोजायचे, सुस्कारा टाकायचे, आणि रजिस्टरात ‘आहे’च्या जागी ‘होती’ लिहायचे.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग त्यांची स्वतःची निवृत्ती आली.

पेन्शनचे कागद सहा-आठ महिने आधी पाठवावे लागतात. दुसऱ्यांचे कागद हा माणूस दोन दिवसांत तयार करायचा, कधी एक त्रुटी निघाली नाही. स्वतःचे मात्र खणात पडून. दोन महिने झाले, तीन झाले. मुख्याध्यापक काकुळतीला आले. शेवटी मला म्हणाले, मॅडम, तुमचं ते ऐकतात, काय अडलंय तेवढं विचारा.

मी विचारलं. बडेबाबूंनी आधी दार लावलं, खिडकी लावली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. काय दिसतंय, विचारलं. मी म्हणाले, काही नाही, पोटरी. ते म्हणाले, तेच. आणि स्वतःचं सेवापुस्तक उघडून पुढं सरकवलं. उस्तादांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘उजव्या पोटरीवर काळा गोल डाग, रुपयाएवढा.’

बडेबाबू रुजू झाले त्या पावसाळ्यात त्यांना पोटरीवर गळू झालं होतं. पिकलं, फुटलं, बरं झालं, मागं काळा डाग राहिला. उस्तादांना तो आवडला. पुढं दीड-दोन वर्षांत डाग गेला. मी पळत जाऊन खूणपाहणीची जुनी रजिस्टरं काढली. सगळ्यांच्या नावापुढं ‘आहे’, ‘आहे’, ‘आहे’. बडेबाबूंच्या नावापुढं दर वर्षी नुसती एक आडवी रेघ. पस्तीस वर्षं कुणी विचारलं नाही, कारण विचारणारे तेच.

तर हा त्यांच्या उरावरचा धोंडा. स्वतःच्या पुस्तकात शेवटच्या वर्षी दुरुस्ती केली तर कागद शंकेनं परत येतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि दुरुस्ती न करता ‘खूण आहे’ म्हणून सही करायची तर ती त्यांच्या हातून होईना. मी हरतऱ्हेनं समजावलं. आधार आहे, अंगठा आहे, फोटो आहे, पोटरी कोण बघतंय आजकाल?

“कोणी बघत न्हाई म्हणता, मॅडम,” ते म्हणाले. “मी बघतो की.”

माझा डाग जाताना ह्या माणसाला एवढा घोर का लागला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

आठवड्यानं बडेबाबू लंगडत आले. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर, आणि पोटरीचा पार भोपळा झालेला. झालं असं होतं की त्यांच्या डोक्यात त्यांची ती यादी घोळत होती आणि त्यात पहिली पायरी बिब्बा. बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरली की काळं तेल सुटतं. धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करायचे आणि बाया टाचेच्या भेगांत भरतात. बायकोला म्हणाले, दे एक डाग, रुपयाएवढा. काकूंनी पायाशी बसून दिला. बिब्बा उतला. फोड आले, पिकले, ताप आला, झरीच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यावी लागली. पण हे काहीच नाही. बडेबाबूंच्या डोळ्यांत पाणी होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पाय डावा होता.

पुढचा महिनाभर ते येईल त्याला हेच सांगत होते. समोर बसली, तिच्या उजव्या हाताला जो पाय आला त्याला डाग दिला, पस्तीस वर्षं मी बोंबलतोय की समोर बसलं की डाव्याचं उजवं होतं, सगळ्या तालुक्याला कळलं, घरात कळलं न्हाई. काकू गरम पाण्यानं पाय शेकत आणि एक शब्द बोलत नसत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा गणिताच्या सरांना हसू आवरेना म्हणून ते म्हशी बघायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि अर्धा तास आले नाहीत.

इकडं मुख्याध्यापकांनी कंटाळून पेन्शनच्या फॉर्मवरचा खुणेचा रकाना स्वतःच्या हातानं भरला, सेवापुस्तकात होतं तेच लिहिलं, उजवी पोटरी, आणि कागद पाठवून दिले. बडेबाबूंना कळलं तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत.

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर ते ऑफिसात गेले, माझं सेवापुस्तक काढलं आणि लिहायचं पेन उघडलं. म्हणाले, तुमचं तरी नीट करून जातो. मी पानावर हात ठेवला आणि विचारलं, तुम्ही बघितला होता ना डाग? ते म्हणाले, दर सोमवारी. मी म्हणाले, मग राहू द्या. त्यांनी टोपण लावलं आणि पुस्तक दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवलं. ह्या माणसाचा मला किती लळा लागला होता ते तेव्हा समजलं.

काही महिन्यांनी परभणीहून बोलावणं आलं. पेन्शन सुरू व्हायच्या आधी ट्रेझरीत स्वतः हजर राहून ओळख पटवावी लागते, बायकोसकट, कारण मागं तिला मिळायची असते. आदल्या दिवशी त्यांचा फोन. मॅडम, तुमी चला संगं, तुमची बी खूण गेलेली हाय, तुमाला समजंल. काकूंनी मागून फोन घेतला आणि हळूच म्हणाल्या, ह्यांनी ठरवलंय खरं सांगून यायचं, पेन्शन दिली तर दिली म्हणत्यात. तुमी असलाव तर काई तरी समजावताल. दीड एकर कोरडवाहू आणि दोघं म्हातारे. ट्रेझरीनं नाही म्हटलं तर काय, हे मला सांगायची गरज नव्हती.

ट्रेझरीच्या खिडकीमागं माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिनं फोटो बघितला, चेहरा बघितला, मशीनवर दोघांचे अंगठे घेतले, झालं काका म्हणाली. काकूंनी डोळे मिटून श्वास सोडला. आणि बडेबाबू जागचे हलेनात. म्हणाले, पोटरी बघायची ऱ्हायली. मुलगी म्हणाली, काका, ते नाही बघत आम्ही. बडेबाबू म्हणाले, रकाना हाय, रकान्याखाली तुमची सही हाय, बघितल्याबिगर सही करू नका, नवीन हात हाय तुमचा, वाईट सवय लागंल. त्यांनी तिथंच बाकावर पाय ठेवला आणि पँट गुंडाळायला सुरुवात केली. मागची रांग पुढं झुकली. एक म्हातारे गुरुजी चष्मा काढून पुसायला लागले.

उजवी पोटरी कोरी. डावीवर गोल काळा डाग, आता गुळावर आलेला. आणि बडेबाबूंनी सगळं सांगितलं. गळू, उस्ताद, पस्तीस रेघा, बिब्बा, चुकलेला पाय. काही म्हणता काही ठेवलं नाही. रांगेत लोक हसायला लागले होते, मुलगी ओठ चावत होती, पण ती आता अडकली होती; एवढं कानांनी ऐकल्यावर सही कशी करणार. साहेबांना विचारते म्हणून ती उठली. काकूंनी माझा दंड घट्ट धरला. मग सोडला आणि पदर खोचून पुढं झाल्या.

“थांब गं बाई,” काकू म्हणाल्या. “डाग डाव्याच पायावर होता.”

बडेबाबू म्हणाले, तू गप बस, पुस्तकात उजवा हाय.

“पुस्तक मी न्हाई वाचलं,” काकू म्हणाल्या. “पाय मी चोळलाय.”

रांगेतलं हसणं थांबलं. काकू त्या मुलीकडं बघून सांगत होत्या, नवऱ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा हा डाग होता. नवीन नवरी, आवडला नाही. रोज रात्री हे झोपले की कोरफडीचा गर घेऊन चोळायच्या, दीड वर्ष, कुणाला न सांगता. गेला तेव्हा देवाला नारळ फोडला. मग कधीतरी ह्यांच्या तोंडून ऐकलं की तो सरकारात लिहिलेला होता, आणि जी धास्ती घेतली ती आजवर. बिब्बा लाव म्हणाले तेव्हा जिथं घालवला तिथंच परत ठेवला. “मला काय ठाऊक पुस्तकात दुसरा पाय हाय,” त्या म्हणाल्या. “नंतर हे म्हणले चुकली. म्हणलं, असंल. पुस्तकापुढं मी काय बोलू.”

बडेबाबू पँटचे दोन्ही पाय वर, दोन्ही पोटऱ्या उघड्या, असे उभे होते. मला दिसत होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते. मी न राहवून म्हणाले, बडेबाबू, उस्ताद समोर बसून लिहायचे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तीन पुस्तकं शोधून दुरुस्त केली होती त्यांनी, आणि चौथं स्वतःचं होतं. पुस्तकात उजवा होता म्हणून हा माणूस पस्तीस वर्षं उजव्याच पोटरीकडं बघत आला होता, आणि पाय त्याचे स्वतःचे.

साहेब बाहेर आले. मुलीनं त्यांना सांगायचा प्रयत्न केला पण तिला मधेच हसू फुटलं, मग मी सांगितलं. बडेबाबूंनी लगेच पुस्ती जोडली की साहेब, पण ह्यो डाग बिब्ब्याचा हाय, जुना न्हाई. मी म्हणाले, साहेब, मी विज्ञान शिकवते. बिब्बा उतला, पिकला, बरा झाला आणि मागं डाग राहिला. आधी गळवाचा राहिला होता तसाच, त्याच जागी, तेवढाच. फॉर्मवर काळा गोल डाग लिहिलंय, कशाचा ते लिहिलेलं नाही. साहेबांनी चष्मा लावला, वाकून नीट बघितलं, आणि ‘उजव्या’ खोडून ‘डाव्या’ केलं. शेजारी लिहिलं, समक्ष पाहिला. सही केली, शिक्का मारला. बडेबाबू म्हणाले, तारीख टाका साहेब, चहावर यायच्या आत.

बाहेर लिंबाखाली एक बाक होता. काकू त्याच्या एका टोकाला बसल्या होत्या, अजून पदर तोंडाला लावून. रडत होत्या की हसत होत्या मला कळेना. त्यांच्या चोळण्यानं डाग गेला नव्हता, तो जाणारच होता, हे मी विज्ञानाची शिक्षिका असून सांगितलं नाही आणि कधी सांगणारही नाही. बडेबाबू टपरीवरून दोन चहा घेऊन आले. पँटचे पाय अजून वरच होते. एक कप काकूंच्या हातात दिला आणि त्यांच्यापुढं उभे राहिले. मग काहीतरी आठवल्यासारखे बाकाला वळसा घालून पलीकडून आले आणि शेजारी बसले, दोघांची तोंडं एकाच दिशेला. खिशातलं लिहायचं पेन काढलं.

“सांग आता,” ते म्हणाले. “आणखी काय काय चुकीचं लिवलंय माझं.”